कॅपॅसिटर लावले म्हणता, पण कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरजवळच्या सांवेर बाजूच्या एका शेतकरी वाचकाचं पत्र मागे तुमच्याकडे छापून आलं होतं. गहू-बटाट्याला पाणी द्यायच्या दिवसांत व्होल्टेज इतकं पडतं की मोटर नुसती गुंगुं करते, उचलत नाही, तर सबस्टेशनातला ट्रान्सफॉर्मर मोठा करा, असं त्यांचं म्हणणं. त्यावर वीज कंपनीकडून उत्तर आलं की ट्रान्सफॉर्मरला लोड झेपतोय आणि सबस्टेशनात कॅपॅसिटर बँकही (कॅपॅसिटरांचा संच) बसवलेली आहे. झालं, विषय संपला. हे उत्तर वाचून राहवेना म्हणून लिहितोय, पत्र लांबेल, कापायचं तर कापा पण मधले आकडे ठेवा.

मी पॅनलच्या लाइनमधला माणूस. सांवेर रोड, पालदा, पिथमपूर इथल्या कारखान्यांत पॉवर फॅक्टरचे पॅनल बसवण्यात वर्षं गेली, त्यामुळे कॅपॅसिटर या वस्तूबद्दल मला प्रेमही आहे आणि रागही. राग याच्यासाठी की लोक तो देवळातल्या घंटेसारखा कुठेही टांगतात आणि वाजली की समाधान मानतात. कारखान्यात निदान मालकाचं लक्ष असतं कारण एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, कनेक्शनला पॉवर फॅक्टर घसरला की बिलात फटका बसतो, पण गावाकडच्या ११ केव्ही (अकरा हजार व्होल्ट) फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून शेताकडे जाणाऱ्या लाइनवर, कुणाचं लक्ष असणार.

आधी मुद्दा काय तो सांगतो, म्हणजे ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांनाही कळेल. नर्मदेचं पाणी जलूदहून डोंगर चढवून आणणाऱ्या शहराला मोटर म्हणजे काय ते सांगायला नको. मोटरला दोन प्रकारचा करंट लागतो, एक खरं काम करणारा, ज्याचे युनिट मीटरवर पडतात, आणि दुसरा आतलं चुंबक उभं करणारा, जो काम काही करत नाही, सेकंदाला शंभर वेळा घेतला जातो आणि परत दिला जातो. या दुसऱ्याला रिअ‍ॅक्टिव्ह म्हणतात आणि तो केव्हीएआरमध्ये मोजतात. काम करत नसला तरी तारेतून जातो तो खराच करंट, तार तापवतो, व्होल्टेज पाडतो, ट्रान्सफॉर्मरची जागा अडवतो. कॅपॅसिटर हाच करंट तिथल्या तिथे देतो-घेतो, मग तो लांबून आणायला लागत नाही. एकूण घेतलेल्यात खरं काम करणारा भाग किती, तो पॉवर फॅक्टर. शेतातल्या सबमर्सिबल पंपाचा तो साधारण ०.७ ते ०.८ असतो, मोटर अर्ध्याच लोडवर चालत असेल तर त्याच्याही खाली.

आता यातला ‘तिथल्या तिथे’ हा शब्द महत्त्वाचा. सबस्टेशनातल्या बसवर (जिथून सगळे फीडर निघतात ती पट्टी) बँक लावली की तिच्या मागचं सगळं सुधारतं, म्हणजे ३३ केव्हीची लाइन, मोठा ट्रान्सफॉर्मर, आणि कंपनीच्या कागदावरचा पॉवर फॅक्टर. पण बसच्या पुढे जो ११ केव्हीचा फीडर बारा-पंधरा किलोमीटर शेतातून गेलाय त्याच्या तारेतून तेवढाच रिअ‍ॅक्टिव्ह करंट वाहत राहतो, एक अ‍ॅम्पिअरही कमी होत नाही. बसचं व्होल्टेज थोडं उचलतं हे खरं, पण फीडरमध्ये जे पडायचं ते तसंच पडतं. म्हणजे सबस्टेशनात बँक आहे हे उत्तर टेलच्या, म्हणजे लाइनच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यासाठी उत्तरच नाही. ते ट्रान्सफॉर्मरबद्दलचं उत्तर आहे.

एक हिशेब मांडतो. समजा १२ किलोमीटरचा फीडर आहे, लोड सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा पसरलेला, रब्बीच्या भर लोडला ३००० केव्हीए आणि पॉवर फॅक्टर ०.८. म्हणजे २४०० किलोवॅट खरे आणि १८०० केव्हीएआर (यांची साधी बेरीज नाही, वर्गांची बेरीज जुळते). फीडरच्या तोंडाशी करंट भरतो १५७ अ‍ॅम्पिअर. सबस्टेशनात १८०० केव्हीएआरची बँक ठोका, फीडरचा करंट १५७ चा १५७. आता तीच बँक पण १२०० चीच घ्या आणि ८ किलोमीटरवर खांबावर लावा, तोंडाशी करंट १३० वर येतो आणि फीडरच्या तारेत जे युनिट जळतात ते त्या लोडला जवळजवळ ३२ टक्के कमी होतात. लहान बँक, फायदा जास्त, फक्त जागा बदलली.

हे ८ किलोमीटर आणि १२०० मी मनाने काढले नाहीत. १९५६ साली नीगल आणि सॅमसन या दोघा अमेरिकन इंजिनिअरांनी हे गणित मांडून ठेवलंय, लोड सारखा पसरलेला असेल तर एकूण केव्हीएआरच्या दोन तृतीयांश एवढी बँक, सबस्टेशनपासून दोन तृतीयांश अंतरावर, की रिअ‍ॅक्टिव्हमुळे होणारा लॉस ८९ टक्के जातो. लाइनवाल्यांच्यात याला टू-थर्ड रूल म्हणतात आणि डिप्लोमाच्या पोरालाही तो पाठ असतो, खांबावर मात्र तो फारसा दिसत नाही, कारण सबस्टेशनात फाउंडेशन, कुंपण, ऑपरेटर सगळं आयतं असतं आणि खांबावर लावायला जागा शोधा, डबल पोल उभा करा, शेताच्या मालकाशी बोला, कोण करेल.

आणि १२०० एकाच ठिकाणी लावायचीही गरज नाही. आपल्याकडे ६०० केव्हीएआरचे खांबावरचे सेट सर्रास मिळतात. तेच दोन सेट एक ६ किलोमीटरवर आणि एक १० किलोमीटरवर लावले तर याच फीडरवर ८९ चे ९४ टक्के होतात. खर्च दोन ठिकाणच्या स्ट्रक्चरचा आणि स्विचगिअरचा वाढतो हे मान्य, पण एक सेट बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.

आता कुणी म्हणेल की लोड कुठे सारखा पसरलेला असतो. नसतोच! आपल्याकडचे फीडर बघा, पहिले चार-पाच किलोमीटर रस्त्याकडेने नुसती लाइन जाते, मग एका गावाच्या शिवारात ट्यूबवेलचा सुकाळ, नंतर एक नाला, नंतर परत दोन वस्त्या. अशा फीडरवर दोन तृतीयांश अंतर मोजत बसलं तर बँक भलतीकडेच जाईल. त्याच्यासाठी दुसरी रीत आहे, तीही जुनीच, आणि मला तर ती जास्त आवडते कारण तिला कॉम्प्युटर लागत नाही. टेलपासून सबस्टेशनकडे उलटं चालत यायचं, वाटेतल्या प्रत्येक डीपीचे (खांबावरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे) केव्हीएआर बेरजेत धरत यायचं, आणि जिथे लाइनमधून वाहणारे केव्हीएआर तुमच्या बँकेच्या बरोबर अर्धे होतात तिथे बँक लावायची. ६०० ची बँक तर ३०० जिथे भरतात तिथे. मग ते ६०० वजा करून परत पुढे चालायचं, पुन्हा ३०० भरले की दुसरी. कधी असं होतं की फाट्याच्या अलीकडे ५०० आहेत आणि पलीकडे एकदम २०० च, तर मग फाट्यावरच लावून टाका. वर दिलेलं ६ आणि १० किलोमीटरचं उत्तर याच रीतीने काढलंय, कागदावर बेरीज करून बघा, तेच येतं.

कारण सोपं आहे. बँक लावल्यावर तिच्यापासून मागे करंट उलटा वाहायला लागतो, आणि तिचं अर्ध जिथे ओलांडलं जातं तिथून पुढे टेलकडे सरकवलं तर मागच्या तुकड्यात जेवढं वाचतं त्यापेक्षा उलट्या करंटमध्ये जास्त जळतं. एवढंच.

आता साइझचं. इथे मात्र उलटा धोका आहे आणि कॅपॅसिटर विकणारे तो सांगत नाहीत (मीही विकतो, म्हणून मला सांगायचा हक्क आहे). १८०० केव्हीएआर हा रब्बीचा आकडा झाला, डिसेंबर-जानेवारीचा, जेव्हा सगळ्या राज्याचीच डिमांड वर असते कारण पंप चालू असतात. पावसाळ्यात त्याच फीडरवर पंप बंद, समजा ५०० उरले. आणि खांबावरची १२०० ची बँक फिक्स असेल, म्हणजे लाइन चालू तर ती चालू, तर आता ७०० केव्हीएआर उलटे सबस्टेशनकडे जातात. त्या दिवसांत रिअ‍ॅक्टिव्हचा लॉस कमी व्हायचा सोडून सहा पट होतो, मी आकडे घालून बघितलंय, आणि रात्री टेलचं व्होल्टेज नको तितकं वर जातं. किती, तेही काढता येतं, केव्हीएआर गुणिले लाइनचा रिअ‍ॅक्टन्स गुणिले किलोमीटर, भागिले केव्हीच्या वर्गाची दहापट. किलोमीटरला ०.३५ ओहम धरला तर १२०० ची बँक ८ किलोमीटरवर पावणेतीन टक्के व्होल्टेज उचलते. रब्बीच्या संध्याकाळी हे वरदान, ऑगस्टच्या रात्री अडीच वाजता नाही. आपले नियम एलटीला, म्हणजे घरा-पंपाला जाणाऱ्या कमी दाबाच्या लाइनला, वर-खाली सहा टक्के म्हणतात, त्यातले पावणेतीन तर इथेच गेले.

म्हणून नियम असा की वर्षभरात फीडरवर कमीत कमी जेवढे केव्हीएआर असतात तेवढीच बँक फिक्स ठेवायची, बाकीची स्विचवाली. आता स्विच कशावर चालवायचा यावर लोक भांडतात. घड्याळावर चालवणं स्वस्त पडतं पण शेतीच्या फीडरवर सप्लायच्या पाळ्या बदलतात, दिवसाची रात्र होते, मग घड्याळ काय करणार. व्होल्टेजवर चालवणं टेलजवळ ठीक. केव्हीएआर मोजून चालवणं सगळ्यात बरोबर पण सीटी (करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लागतो, कंट्रोलर लागतो, महाग पडतं. माझं मत विचाराल तर आपल्या माळव्यासाठी सगळ्यात आधी फुकटचा उपाय करा, रब्बीपुरती चालवायची जी बँक आहे तिचा जीओ स्विच (तिन्ही फेज एकदम तोडणारा) जूनमध्ये लाइनमनने उघडून बँक तोडायची आणि ऑक्टोबरच्या शेवटी परत जोडायची. वर्षातून दोन फेऱ्या. यात कुठलंही टेंडर नाही, कदाचित म्हणूनच होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी प्लेट वाचणाऱ्यालाच कळते. कॅपॅसिटर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे केव्हीएआर देतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की तो ८१ टक्केच देतो, म्हणजे ज्या वेळी त्याची खरी गरज त्याच वेळी तो मागे सरतो. आणि प्लेटवर व्होल्टेज १२.१ केव्ही लिहिलेलं असेल तर चांगल्या ११ केव्हीवरही तो लिहिलेल्याच्या ८३ टक्केच देणार, कारण सुरक्षिततेसाठी रेटिंग वर धरलेलं असतं. ६०० ची बँक म्हणून हिशेबात ६०० लिहायचे आणि लाइनवर पाचशेही नाहीत, असं बऱ्याच ठिकाणी असणार.

हार्मोनिकवर, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या नको त्या लहरींवर, थोडक्यात सांगतो, नाहीतर पत्र संपणार नाही. शहराजवळच्या सबस्टेशनांत आता ड्राइव्ह, चार्जर, इन्व्हर्टर यांचा लोड वाढलाय, या लहरी तेच सोडतात. बसची फॉल्ट लेव्हल (तिथे शॉर्ट झाला तर येणारा जोर) १०० एमव्हीए असेल आणि बँक २ एमव्हीएआरची, तर भागाकार ५०, त्याचं वर्गमूळ सात, म्हणजे ती बँक सातव्या हार्मोनिकवर, ३५० हर्ट्झवर, जोरात झुलायला तयार. फ्यूज का उडतात म्हणून शोधत बसतात. बँक मोठी करताना हा एक भागाकार करून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि आकडा पाच-सातच्या जवळ आला तर साइझ बदला नाहीतर सिरीज रिअ‍ॅक्टर घाला.

आणि रूफटॉप सोलरबद्दल एक. सोलर लावल्यावर दिवसा किलोवॅट छतावरून येतात, पण बहुतेक इन्व्हर्टर युनिटी, म्हणजे १, पॉवर फॅक्टरवर लावलेले असतात, म्हणजे मोटरचे केव्हीएआर ग्रिडमधूनच येत राहतात. कारखानदार मला फोन करतात की सोलर लावल्यापासून पॉवर फॅक्टर बिघडला, पॅनल खराब झालं का. पॅनल ठीक असतं, किलोवॅट कमी झाले आणि केव्हीएआर तेवढेच राहिले, मग पॉवर फॅक्टर घसरणारच. फीडरच्या मीटरवरही हेच दिसायला लागलंय, त्यामुळे नुसता पॉवर फॅक्टर बघून बँक वाढवू नका, केव्हीएआर बघा.

आता मला ज्याचा सगळ्यात जास्त संताप येतो ते. ट्रान्सफॉर्मर जळला तर शंभर घरांची बत्ती जाते, दहा मिनिटांत फोन सुरू, लोक सबस्टेशनवर जातात. कॅपॅसिटर बंद पडला तर कुणाचीच बत्ती जात नाही! कुणाला काही कळत नाही, फक्त तारा जरा जास्त तापतात आणि टेलचा पंप जरा जास्त गुंगुं करतो. एका फेजचा ड्रॉपआउट फ्यूज पडून लटकत असतो, महिने जातात, पक्षी घरटं करतात, आणि रजिस्टरमध्ये ती बँक ‘स्थापित’ म्हणून धरलेली असते. रस्त्याने जाताना वर बघायची मला सवय लागलीय, बघा तुम्हीही, लटकलेले फ्यूज दिसतील.

तपासणं अवघड आहे का, तर नाही. ६०० केव्हीएआर ११ केव्हीवर म्हणजे प्रत्येक फेजला साधारण ३१ अ‍ॅम्पिअर. इन्सुलेटेड काठीवरचा क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेज वाचा. तिन्हीला तीसच्या आसपास, ठीक. एकीला शून्य, फ्यूज गेला. तिन्हींना वीस, तर आतले युनिट मेलेत नाहीतर प्लेट बघा. फक्त एक, हे काम अंगावर येणारं आहे, बँक बंद केल्यावर लगेच हात लावायचा नाही. आत डिस्चार्ज रेझिस्टर असतो, तो दहा मिनिटांत व्होल्टेज ७५ च्या खाली आणतो असं मानक सांगतं, पण रेझिस्टर तुटलेला बाहेरून दिसत नाही, म्हणून दहा मिनिटं थांबून परत अर्थिंग रॉडने तिन्ही फेज शॉर्ट करून मगच वर चढायचं. बाहेरून ठेक्यावर आणलेल्या पोरांना हे कुणी सांगितलेलं असतं का याची मला खात्री नाही.

शेतकऱ्यांनाही सांगतो, सगळं कंपनीवर ढकलून चालणार नाही. ५ एचपीच्या पंपाला स्टार्टरजवळ २ केव्हीएआरचा छोटा कॅपॅसिटर लावायला फार पैसे लागत नाहीत, आणि तो मोटरबरोबरच चालू आणि मोटरबरोबरच बंद होतो, पावसाळ्यातल्या जादा व्होल्टेजचा प्रश्नच येत नाही. स्टार्टरपर्यंतच्या तुमच्या केबलचा, डीपीचा, एलटी लाइनचा करंट तिथूनच कमी होतो, जे ११ केव्हीवरच्या कुठल्याही बँकेला जमत नाही. फक्त दुकानदार मोठा देतो म्हणून मोठा लावू नका, मोटर रिकामी चालताना जेवढे केव्हीएआर घेते त्याच्या खालीच ठेवायचा, नाहीतर सप्लाय गेल्यावर फिरत असलेली मोटर स्वतःच जनरेटर बनून व्होल्टेज चढवते. आणि रिवाइंडिंग करून आणलेल्या मोटरवर तर एकदा मोजूनच घ्या.

ज्या वाचकाने ते पत्र लिहिलं त्यांना माझं सांगणं, ट्रान्सफॉर्मर मोठा मागण्याआधी सबस्टेशनात जाऊन तुमच्या फीडरच्या मीटरचे दोन आकडे लेखी मागा, रब्बीत भर लोडला किलोवॅट आणि केव्हीएआर किती, आणि पावसाळ्यात रात्री किती. मीटर आहेत, त्यात हे आकडे पडून असतात. त्याच्याबरोबर हेही विचारा की फीडरच्या लाइनवर, सबस्टेशनच्या बाहेर, किती बँका आहेत, कितव्या खांबावर, आणि शेवटचा करंट कधी मोजला. पहिल्या दोन आकड्यांवरून किती लावायची ते निघतं, उरलेल्यावरून आहे ती जिवंत आहे का ते. उत्तर आलं तर इथे छापायला पाठवा, हिशेब मी फुकट करून देतो.

आपला,
एक वाचक
सुदामा नगर, इंदूर